किको साबातेच्या १९४९ नंतरच्या लढ्याला प्रतिकार म्हणावे का?

आडवाट (धागाकर्ता)

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्याविरुद्ध लढलेल्या गनिमांविषयी वाचताना फ्रान्सेस्क साबाते या नावापाशी मी दर वेळी अडतो. बार्सिलोनाला खेटून असलेल्या ल'ओस्पितालेतमध्ये १९१५ साली जन्मलेला, पेशाने प्लंबर असलेला हा अराज्यवादी स्पेनच्या यादवी युद्धात आरागोनच्या आघाडीवर लढला, १९३९ च्या फेब्रुवारीत पराभूत सैन्यासोबत फ्रान्समधल्या छावणीत जाऊन पडला, आणि १९४५ पासून मरेपर्यंत पिरेनीजचे डोंगर रात्री पायी ओलांडून पुन्हा पुन्हा स्पेनमध्ये उतरत राहिला. सोबती त्याला किको म्हणत.

महायुद्ध संपल्यानंतरच्या तीन-चार वर्षांविषयी माझी तक्रार नाही. हिटलर आणि मुसोलिनी गेले, आता त्यांच्या मदतीने सत्तेवर बसलेला फ्रँकोही जाईल, ही आशा तेव्हा भाबडी नव्हती. परंतु २ मार्च १९४९ रोजी किकोच्या गटाने बार्सिलोनातील छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या किन्तेला या पोलीस अधिकाऱ्याची मोटार समजून एका मोटारीवर गोळीबार केला, आणि किन्तेला त्या मोटारीत नव्हताच. फलांखे या फ्रँकोच्या पक्षाच्या युवक संघटनेचा एक पदाधिकारी आणि चालक ठार झाले. पदाधिकाऱ्याचे एक वेळ सोडून देऊ, चालकाचे काय? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात किकोचा भाऊ जुझेप बार्सिलोनात पोलिसांच्या गोळीने मेला आणि १९५० च्या फेब्रुवारीत धाकट्या मानुएलला गोळ्या घालून देहदंड दिला गेला. यानंतरही दहा वर्षे तोच मार्ग धरून ठेवण्याला मी प्रतिकार म्हणणार नाही. तो हट्ट होता, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यांनी मोजली.

जुनी पेठ

चालकाच्या मृत्यूचे समर्थन मी करणार नाही. ती चूक होती आणि तिला चूकच म्हटले पाहिजे. मात्र 'हट्ट' हा शब्द वापरण्यापूर्वी समोर कोणते राज्य होते ते पाहावे. १९४७ च्या एप्रिलमध्ये फ्रँकोने 'दरोडेखोरी आणि दहशतवाद' यांविरुद्ध हुकूमनामा काढला आणि शस्त्र घेऊन उभा राहिलेला प्रत्येक विरोधक कायद्यानेच दरोडेखोर ठरवला. संप बेकायदा, संघटना बेकायदा, निवडणुका नाहीत, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. अशा ठिकाणी 'दुसरा मार्ग घ्यायला हवा होता' असे म्हणणाऱ्याने तो मार्ग कोणता, हेही सांगायला हवे. भूमिगत संघटनेच्या समित्यांमागून समित्या पकडल्या जात होत्या. त्यांत निःशस्त्र माणसेही होती, आणि निःशस्त्र आहेत म्हणून त्यांना सूट मिळत नव्हती.

नागपूरकर

थोडे विषयांतर होईल, पण स्पेनच्या या लढ्याशी आपल्या माणसाचाही संबंध आला होता. नागपूरचे गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार, संघाचे पहिले सरकार्यवाह, लंडनला शिकायला गेले आणि तिथून 'जॉन स्मिथ' हे नाव घेऊन फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले. १९३८ मध्ये ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती लागले आणि सुटका होईपर्यंत सान पेद्रो दे कार्देन्याच्या मठातील बंदीशाळेत होते. सुटल्यावर हुद्दारांना परतायला देश होता, किकोला नव्हता. 'तो थांबला का नाही' असे विचारताना हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आडवाट

हुद्दारांची आठवण योग्यच आहे, पण परतायला देश नसलेले लाखो स्पॅनिश लोक फ्रान्समध्ये होते. ते तुलूजमध्ये कामधंदा करत होते आणि सभा भरवत होते. किकोची स्वतःची अराज्यवादी कामगार संघटना, सेएनते, तिचे तिथले निर्वासित नेतृत्वच पुढे अशा सशस्त्र मोहिमांपासून दूर झाले. ते सगळे भेकड होते, असे तुमचे म्हणणे आहे का? शिवाय मोहिमांना लागणारा पैसा बँका आणि धनिकांकडून बंदुकीच्या धाकाने यायचा. एका धनिकाच्या घरी 'आम्ही चोर नाही, हा पैसा फाशीवर गेलेल्यांच्या पोरांसाठी आहे' अशा अर्थाची चिठ्ठी त्याने ठेवल्याची गोष्ट सांगतात. दंतकथा अशाच चिठ्ठ्यांवर पोसल्या जातात.

कंदील

दंतकथा फक्त चिठ्ठ्यांवर पोसली, हे मला पटत नाही. तिच्यातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग रक्ताचा नाहीच. किकोने पत्रके उडवणारी एक उखळी नळी तयार करवून घेतली होती. छत उघडणारी टॅक्सी त्याने भाड्याने घेतली, नळी मागच्या आसनावर ठेवली, चालकाला सांगितले की आपण सरकारी प्रचारपत्रके वाटायला आलो आहोत, आणि बार्सिलोनाच्या रस्त्यांतून जाताना फ्रँकोविरोधी पत्रकांचे गठ्ठे छतातून वर उडवले. बिचारा चालक सरकारी काम समजून गाडी हाकत होता! भिंतीवर चार अक्षरे लिहिली तरी तुरुंगात टाकणाऱ्या शहरात वरून कागद भिरभिरत खाली येताना पाहणाऱ्यांना काय वाटले असेल, याचा हिशेब बंदुकांच्या हिशेबात मांडता येत नाही. आणि ही गोष्ट १९४९ नंतरची आहे, हे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

आडवाट

टॅक्सीचा प्रसंग मलाही आवडतो. सगळेच तसे असते तर हा धागा मी काढलाच नसता. आता शेवट पाहा. २१ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर माद्रिदला उतरले आणि त्यांनी फ्रँकोला आलिंगन दिले. स्पेन त्याआधीच, १९५५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांत गेलेला होता. म्हणजे बाहेरून मदत येण्याची उरलीसुरली आशा संपली, आणि त्यानंतर नऊच दिवसांनी किको चार जणांना घेऊन सीमा ओलांडतो. ४ जानेवारीला जिरोनाजवळच्या एका शेतघराला सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलाने वेढा दिला आणि ते चौघेही मारले गेले. जखमी किको एकटा निसटला. त्या चौघांना तो कुठे घेऊन चालला होता?

जुनी पेठ

ते चौघे प्रौढ होते आणि स्वतःच्या निर्णयाने आले होते. त्यांना कोणी ओढून आणले नव्हते. आयझेनहॉवर यांचा दाखला तर मी तुमच्याविरुद्धच वापरेन. जगाने पाठ फिरवली म्हणून राजवट न्याय्य ठरत नाही.

शेवटाचे म्हणाल तर तो सगळाच सांगायला हवा. पायाची जखम चिघळलेली असताना किको बार्सिलोनाकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनावर चढला आणि चालकावर पिस्तूल रोखून त्याने गाडी न थांबवता नेण्यास सांगितले. मासानेत स्थानकात वाफेचे इंजिन काढून विजेचे लावले जाई, त्यामुळे त्याला तिथे इंजिन बदलावे लागले. पुढे सान्त सेलोनीपाशी तो उतरला, गावातल्या एका घराचे दार त्याने ठोठावले, आणि ५ जानेवारी १९६० च्या सकाळी तिथल्याच रस्त्यावर गोळ्या लागून मेला. बार्सिलोना तिथून पन्नासेक किलोमीटरवर होते.

आडवाट

आणि ज्याच्या गोळीने तो मेला तो सैनिक नव्हता, गावातलाच माणूस होता. लोकांच्या नावाने लढणाऱ्याबद्दल लोकांचे मत यावरून दिसत नाही का?

जुनी पेठ

तो माणूस सोमातेनचा होता. ही नागरी पथके फ्रँकोने १९४५ मध्ये कातालोनियात गनिमांचा बंदोबस्त करण्यासाठीच पुन्हा उभी केली होती, आणि त्यांत कोणाला घ्यायचे व कोणाच्या हाती बंदूक द्यायची हे राजवटच ठरवत असे. उरलेल्या सान्त सेलोनीचे मत त्या सकाळी कोणी विचारले नव्हते.