अनुभव धागा: टोल, घरफाळा, बस आणि आपण

पंचगंगाकाठ:
पेपरात परत हद्दवाढीची, म्हणजे आजूबाजूची गावं शहरात घ्यायची बातमी. कोल्हापुरात हद्दवाढ म्हणजे सणवार झालाय, येतो आणि जातो. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हाची हद्द आजही तीच. घरफाळा (घरावरचा कर) वाढला, उपनगरं वाढली, खड्डे वाढले, हद्द तेवढी जागची हलली नाही.

बातमी वाचताना टोलचे दिवस डोक्यात फिरायला लागले. नव्या पोरांसाठी थोडक्यात: महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी असा तिघांचा करार. जवळपास 50 किलोमीटर रस्ते, 220 कोटींचा प्रकल्प, बदल्यात वेशीवर नऊ नाके आणि 30 वर्षं वसुली. म्हणजे ज्याच्या बारशाला पाहुणे टोल भरून येणार, त्याच्या लग्नालाही टोल भरूनच येणार.

मी तेव्हा फुलेवाडीच्या पलीकडं राहायचो, दुकान महाद्वार रोडला. टेम्पोचा टोल मालावर चढवावा तर गिऱ्हाईक तोंड फिरवतंय, न चढवावा तर आमचंच दिवाळं. मोर्च्यात गेलो तो तत्त्वासाठी नव्हे, हिशोबासाठी. तिथं आंदोलनाचे पुढारी एन. डी. पाटील सर दिसले. चौऱ्याऐंशीतला माणूस, पायात त्रास, आणि पोरं सावली शोधत असताना ते आपले उन्हातच. शेजारी कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णा. त्यानंतर घरी बसायची लाज वाटायला लागली. ऑक्टोबर 2013 ला वसुली सुरू झाली, जानेवारीत नाके पेटले, मग स्थगिती, मग परत वसुली. सुटका झाली ती 2015 च्या डिसेंबरात.

तुमच्या गावच्या पालिकेचा कुठला निर्णय असा थेट तुमच्या खिशात शिरला, नाहीतर बसच्या रांगेत तुम्हाला भेटला? लिहा.

चहाबाज:
देणार न्हाई, आम्ही टोल देणार न्हाई! अजून झोपेत म्हणतोय आमचा थोरला.

उचगावची लेक:
हद्दवाढ नको म्हणणाऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे दादा. आमचं उचगाव शहराला लागूनच. पंचायतीची घरपट्टी भरून परत येताना वडापावचे पैसे उरतात आमचे. शहरात गेलो की घरफाळा तुमच्याएवढा, आणि पाणी? ते तुमच्याच निम्म्या पेठांना कधी येतं विचारा. 2017 ला हद्दवाढीऐवजी 42 गावांचं, बांधकामाला परवानगी देणारं प्राधिकरण निघालं. तेव्हापासून आमच्यात कुणी 'वर एक खोली काढू' म्हटलं की खोली राहते बाजूला, परवानगीवरनं भावाभावांत जुंपते.

बी वॉर्ड:
मग केएमटीनं, महापालिकेच्या बसनं, कशाला येताय ताई? आमच्या घरफाळ्यावर चालते ती. विरोध करणाऱ्या गावांच्या गाड्या बंद करा म्हणतात ते काय उगीच?

उचगावची लेक:
तिकीट काढून येतो, फुकट नाही. आणि उद्या गावांनी दूध-भाजी बंद केली तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून काय पिणार, पंचगंगेचं पाणी?

बी वॉर्ड:
दुधावर जाऊ नका हं. भावनेचा विषय आहे.

अर्धं तिकीट:
पुणं. आमचा विषय 40 टक्के. स्वतः राहत असलेल्या घराला करात 40 टक्के सवलत 1970 पासून होती. मध्ये लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सवलत गेली, थकबाकीच्या भीतीनं सोसायटीचा ग्रुप रात्री एकपर्यंत जागा. 2023 ला परत मिळाली, पण पीटी-3 नावाचा अर्ज भरून सिद्ध करा की तुमच्या घरात तुम्हीच राहता. बाबा म्हणाले, "आता मी इथं राहतो की नाही हे लाइट बिल सांगणार." तरी झेरॉक्सच्या तीन प्रती काढल्या, एक देव्हाऱ्याखाली ठेवली.
आणि जून 2025 ला पीएमपीचा 900 चा पास 1500 वर गेला. त्यासाठी एकही ग्रुप जागा राहिला नाही. बसनं जातो तो सोसायटीच्या ग्रुपवर नसतोच बहुधा.

सदाशिव नसलेला पेठकर:
अर्धं तिकीट, शेवटचं वाक्य बरोब्बर. बाकी पुण्याच्या रस्त्यांना शिव्या द्यायच्या आधी जंगली महाराज रस्त्याला नमस्कार करा. सत्तरच्या दशकात श्रीकांत शिरोळे स्थायी समितीत असताना रेकॉन्डो कंपनीकडून करून घेतला, दहा वर्षांची लेखी हमी. हमी संपून कित्येक वर्षं झाली तरी खड्डा नव्हता. त्या कंपनीला पुढं कामं का मिळाली नसतील याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

मोदक_आणि_मासे:
मिळाली असती तर दर पावसाळ्यात डांबर कुणी टाकलं असतं हो?

लेडीज स्पेशल:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मुंबई. 500 चौरस फुटांच्या आतल्या घरांचा मालमत्ता कर 2022 ला माफ झाला, आमच्या चाळकऱ्यांनी पेढे वाटले. मे 2025 ला बेस्टचं 5 चं तिकीट 10 झालं. आमच्या घरातून चार माणसं बस धरतात. पेढ्याचा हिशोब मी मांडला नाही, नवऱ्याला मांडू दिला नाही.

पंचगंगाकाठ:
@लेडीज स्पेशल, हसलो पण पोटात कालवलं.

निवृत्त_पण_मोकळा_नाही:
तुम्ही सगळे लहान आहात. जकात बघितली का? गावाचं नाव घेत नाही. एसटी नाक्यावर थांबायची, खाकीतला माणूस वर चढून सीटखालचे बोजे काठीनं टोचायचा. आईनं माहेराहून नवं पितळी घंगाळं आणलेलं. नवं दिसू नये म्हणून आदल्या रात्री मामीनं चुलीतली राख फासली, तळाला शेण लावलं आणि वर कोंबडी बसवली. माणसानं कोंबडीकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि म्हणाला, "वैनी, कोंबडीची पावती करू?"
मग जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, व्यापारी भडकले, 2015 ला तोही बहुतेकांचा गेला. आता महापालिका दर महिन्याला सरकारच्या अनुदानाची वाट बघते. नाक्यावरचा माणूस निदान दिसायचा तरी.

चहाबाज:
कोंबडीची पावती केली का पण???

जर्सीकर:
टोल वाचून राहवलं नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये 60व्या स्ट्रीटच्या खाली गाडी घातली की 9 डॉलर, जानेवारी 2025 पासून. पैसा सबवे आणि बसला जातो. आमचं न्यू जर्सी राज्य त्याविरुद्ध कोर्टात गेलेलं. नवरा सांगलीचा, त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "टोलविरोधी कृती समिती कुठाय?" पण खरं सांगू? बस वेळेत पोचते आता. टोलचा पैसा बसमध्ये दिसला तर माणूस कुरकुरत का होईना भरतो.

उचगावची लेक:
हेच म्हणतेय मी. आधी पाणी दाखवा, मग घरफाळा मागा.

बी वॉर्ड:
ताई, आधी घरफाळा आल्याशिवाय पाइप कशातनं घालणार?

उचगावची लेक:
220 कोटींचे रस्ते घातले तसे.

बी वॉर्ड:
...जेवायला जातो.

निवृत्त_पण_मोकळा_नाही:
@चहाबाज नाही. अंडं घेऊन गेला.

मोदक_आणि_मासे:
काका, घंगाळं आहे का अजून? आमच्याकडे कल्हईवाला मिळेना झालाय, तुमच्या बाजूला कुणी असेल तर कळवा. पितळी पातेल्यांसाठी पाहिजे.