'एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
पेशीविज्ञानावरचा लेख मराठीतून लिहितेय. त्यात एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स, म्हणजे पेशींच्या बाहेर, त्यांच्याभोवती जे असतं ते, सारखं येतं. कोशांत 'पेशीबाह्य आधारद्रव्य' मिळतो. पण लेखात पुढे हेच मॅट्रिक्स पेशींना सूचना देतं, त्यांची वाढ रोखतं, असं येतं. 'आधारद्रव्य सूचना देतं' हे कानाला खटकतं. दुसरा शब्द आहे का? 'आधात्री' नको, वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

प्रतिसाद १
'आधारद्रव्य' रुळलेला आहे, मोडीत काढू नका. कूर्चेत (कार्टिलेज) पेशी थोड्या आणि त्यांच्याभोवतीचं द्रव्यच जास्त, तिथे तो चपखल बसतो.

प्रतिसाद २
माझा आक्षेप 'द्रव्य'वर आहे. त्यातून भांड्यात ओतलेला एकजिनसी पदार्थ डोळ्यांपुढे येतो. हे तर जाळं आहे, आणि ते पेशींनीच विणलेलं असतं: कोलॅजेनचे पीळदार तंतू, ताणून पूर्ववत होणारं इलास्टिन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन ही प्रथिनं, आणि मध्ये पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन (शर्करेच्या साखळ्या जोडलेली प्रथिनं). आपल्या 'ऊती' शब्दात विणण्याचाच अर्थ आहे. म्हणून 'पेशीबाह्य जाळं' सुचवेन. पहिल्या उल्लेखाला 'आधारद्रव्य', पुढे 'मॅट्रिक्स' किंवा 'जाळं' असं चालवा.

पण खरी गोम नामात नाही, क्रियापदात आहे. मराठी लेखांत सगळीकडे 'पेशी मॅट्रिक्सला चिकटते' एवढंच दिसतं. चिकटली की विषय संपला, असं वाटतं. प्रत्यक्षात पेशीच्या पटलात इंटिग्रिन नावाची आरपार प्रथिनं असतात (हे नाव १९८६ सालचं). त्यांचं बाहेरचं टोक फायब्रोनेक्टिन किंवा कोलॅजेन *पकडतं*, आतलं टोक मधल्या प्रथिनांमार्फत पेशीच्या आतल्या, ॲक्टिन या प्रथिनाच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. पेशी या पकडीवरून बाहेरचं जाळं *ओढून बघते*. जाळं ताठ असेल तर ओढ परत जाणवते, पकड मजबूत होते आणि आतल्या जनुकांचं कामकाज बदलतं.

यासाठी 'चाचपणे' अगदी योग्य. 'चाचपडणे' नव्हे, ते अंधारातलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानवी अस्थिमज्जेतल्या मूलपेशी (ज्यांच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) वेगवेगळ्या ताठपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूपेशींसारख्या, आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या होऊ लागल्या. पोषकद्रव सगळीकडे तोच. 'सूचना' म्हणतात ती ही. 'मॅट्रिक्स पेशीला वळण लावतं' असं लिहा, खटकणार नाही.

प्रतिसाद ३
गर्भविकासाबद्दल थोडं. चेताशिखेच्या (न्यूरल क्रेस्ट, गर्भातल्या चेतासंस्थेच्या कडेचा भाग) पेशी गर्भात लांबवर जातात, तेव्हा त्यांच्या मार्गावर फायब्रोनेक्टिन असतं. तिथे 'स्थलांतर करतात' ठीक, पण 'फायब्रोनेक्टिनच्या आधाराने वाट धरतात' जास्त नेमकं. हे प्रथिन नुसती सोय नाही: त्याचं जनुक निकामी केलेले उंदराचे गर्भ पोटातच मरतात.

आणि 'विकर (एन्झाइम) मॅट्रिक्स विरघळवतात' हे कृपया टाळा. बेडूकमाशाची शेपूट नाहीशी होताना कोलॅजेन तोडणारं विकर काम करतं, हे १९६२ मध्ये कळलं. हे विकर कोलॅजेनच्या तीनपदरी रेणूवर एका ठरावीक जागीच काप घालतं. एक तुकडा सुमारे तीन चतुर्थांश, दुसरा एक चतुर्थांश. मीठ पाण्यात विरघळतं, कोलॅजेन *कातरलं जातं*.

प्रतिसाद ४
आजारांच्या भागात 'फायब्रोसिस'ला 'तंतुमयता' लिहिणार असाल तर सोबत 'वण' द्या. (व्रण म्हणजे मुळात जखम, वण म्हणजे ती भरल्यावर उरणारी खूण. हल्ली सर्रास गल्लत होते.) यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड यांना आतून वण धरतो, हे रुग्णाच्या घरच्यांना लगेच समजतं. पण हा वण स्वस्थ बसत नाही, हेही सांगायला हवं. कोलॅजेन साचून ऊती कडक होते, तो कडकपणा चाचपून कोलॅजेन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी आणखी चेवतात आणि आणखी कोलॅजेन घालतात. म्हणून 'वण धरत जातो' असं चालू क्रियापद वापरा.

स्तनातली कर्करोगाची गाठ हाताला टणक लागते, त्यातही या साचलेल्या मॅट्रिक्सचा मोठा वाटा असतो. कर्करोग-संशोधक मीना बिस्सेल यांच्या गटाने १९९७ मध्ये स्तनाच्या कर्करोगपेशी त्रिमितीय जेलमध्ये वाढवून त्यांच्यावरचं एक इंटिग्रिन प्रतिपिंडाने (अँटिबॉडी) अडवलं. पेशींची जनुकं तीच राहिली, पण त्यांची रचना आणि वागणूक निरोगी पेशींसारखी झाली. हे उदाहरण लेखात जरूर घ्या. मॅट्रिक्सला निव्वळ 'आधार' का म्हणवत नाही, ते यातून कळतं.

प्रश्नकर्ती
क्रियापदांची सूचना फार उपयोगी पडली, अर्धा लेख नव्याने लिहितेय. आता 'ॲनॉइकिस' अडलाय.

प्रतिसाद २
ग्रीकमधून घेतलेला, 'बेघर होणं' अशा अर्थाचा शब्द, १९९४ पासून वापरात. मॅट्रिक्सवरची पकड सुटली की निरोगी त्वचापेशी किंवा आतड्याच्या अस्तराची पेशी स्वतःला संपवते, ती क्रिया. 'पकड सुटल्याने येणारा पेशीमृत्यू' असं उलगडून लिहा आणि कंसात ॲनॉइकिस. मग पुढचं वाक्य सरळ येतं: रक्तात शिरून दूरवर पसरणाऱ्या कर्करोगपेशी पकड सुटूनही तगतात.