'स्क्वाँक'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांच्या दंतकथांमधला 'स्क्वाँक' मुलांच्या गोष्टीत आणायचाय. सतत रडणारा प्राणी आहे. 'रडतराऊत' चालेल का?

– नको. रडतराऊताला मनाविरुद्ध घोड्यावर बसवलेलं असतं, म्हणून तो कुरकुरतो. स्क्वाँकला कुणीच कुठे बसवलेलं नाही. कातडी ढगळ, तिच्यावर चामखिळी नि तीळ; स्वतःच्या रूपाची लाज वाटून तो पेनसिल्व्हेनियातल्या हेमलॉकच्या रानात लपून रडतो. (हा हेमलॉक म्हणजे सूचिपर्णी वृक्ष. सॉक्रेटिसला ज्याचं विष प्यावं लागलं, तो नव्हे!)

– मग 'बागुलबुवा'?

– बागुलबुवा घाबरवतो, हा बिचारा स्वतःच घाबरतो. नवख्या मजुराची फिरकी घ्यायला लाकूडतोडे असे कितीतरी प्राणी रचायचे. त्या अख्ख्या गोतावळ्याला 'रानातले बागुलबुवे' म्हणा हवं तर.

– माझ्या मते नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचं. भोकाड पसरणं, हंबरडा फोडणं बाद. त्याला ऐकणारं माणूस लागतं. 'हमसाहमशी'तही दुःख मोकळं होतं. इथे हवं 'मुसमुसणं': तोंड दाबून, थांबत थांबत. शिकारी त्याच आवाजाच्या आणि आसवांच्या मागावर जातात. कडाक्याच्या थंडीतली चांदणी रात्र त्यांना सोयीची, कारण तेव्हा आसवं सावकाश गळतात आणि प्राणी फारसा हलत नाही.

– विल्यम कॉक्स यांच्या अशाच काल्पनिक प्राण्यांवरच्या १९१०च्या पुस्तकात त्याचं थट्टेचं लॅटिन नावही आहे: 'लॅक्रिमाकॉर्पस डिझॉल्व्हन्स'. अश्रू, शरीर, विरघळणारं. तिथलाच किस्सा: माँट आल्टो गावाजवळ एका गृहस्थानं स्क्वाँकच्या आवाजाची नक्कल करून त्याला पोत्यात उडी मारायला लावली. पोतं पाठीवर टाकून घरी निघाला, तर वाटेत ओझं एकदम हलकं झालं, रडणंही थांबलं. उघडून बघतो तो आत नुसती आसवं आणि बुडबुडे!

– इथे 'वितळला' लिहू नका हं. बर्फ वितळतो, मेण वितळतं. त्याला ऊब लागते. मीठ पाण्यात विरघळतं, तसा हा आपल्याच आसवांत विरघळला.

– पटलं. नाव 'स्क्वाँक'च ठेवते, बाकीचे प्राणी त्याला 'मुसमुस्या' म्हणून चिडवतील. पण लिंग? तो की ते?

– 'ते' करा. ते कोकरू, ते पिल्लू, ते स्क्वाँक. 'तो' म्हटलं की उगाच मिशा दिसायला लागतात.