मदत हवी आहे : अल्बिनिझम असलेल्या मुलीला फळा वाचण्यासाठी दुर्बीण

मुलगी पाचवीत आहे, आम्ही सोलापूरला असतो. तिला जन्मतः अल्बिनिझम आहे, म्हणजे रंगद्रव्य फारच कमी, त्वचेतही आणि डोळ्यांतही. आधीच सांगते, हे कोड नव्हे, आणि मी ग्रहणात भाजी चिरली म्हणूनही झालेलं नाही (सासरी अजून तेच चालू आहे). आम्हा दोघांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत तिच्याकडे आली. अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला 25 टक्के शक्यता असते.

त्वचेचं जमवलंय : सनस्क्रीन, पूर्ण बाह्या, टोपी. घोडं अडलंय फळ्यापाशी. डोळ्याच्या पडद्याचा मधला भागच पुरता घडलेला नसल्याने चष्मा लावूनही नजर 6/36 च्या (इतरांना 36 मीटरवरून दिसतं ते तिला 6 मीटरवरून) पुढे जात नाही, शिवाय डोळे सतत हलतात. पहिला बाक, खिडकीकडे पाठ, गडद काचा, सगळं करून झालं. पुस्तक नाकाशी धरून भराभर वाचते. शाळेत मोबाईल-टॅब चालत नाहीत.

डॉक्टरांनी हातात धरायची छोटी दुर्बीण सुचवली आहे. डोळे हलणाऱ्या मुलांना 4 पटीची सोयीची पडते की 6 पटीची? एका हातात दुर्बीण धरून वहीत उतरवून घेणं तुमच्या मुलांना जमलं, की चष्म्यावर बसवायचीच घ्यावी लागली?