मदत हवी आहे: एसीएलच्या (गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या) ऑपरेशननंतर कबड्डी, बॅडमिंटन आणि ट्रेकला एकच नी-ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) चालेल का?

नमस्कार मंडळी,

वय ३१. शाळेपासून मंडळाकडून कबड्डी खेळतो, बचावात डावा कोपरा सांभाळतो. गेल्या वर्षी मॅटवर चढाईपटूच्या घोट्याला हात घातला, त्याने हिसका दिला आणि माझा गुडघा आत वळला. 'कट्' आवाज मलाच ऐकू आला. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण फाटलेलं निघालं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्याला आता १० महिने झाले. चालणं, जिने, हलकं पळणं व्यवस्थित आहे.

माझ्याकडे दोन्ही बाजूंना धातूची बिजागरी असलेला ब्रेस आहे. बॅडमिंटनमध्ये नेटजवळ झेपावून शटल उचललं की तो घामाने घसरून पोटरीवर येतो. परवा राजगड उतरताना आधार छान वाटला, पण पायथ्याच्या गुंजवण्यात पोचेपर्यंत गुडघ्यामागची कातडी सोलवटली होती.

खरा प्रश्न कबड्डीचा. नखं कापलेली हवीत, अंगावर दागिना नको, असा जिथे नियम, तिथे ही बिजागरी घेऊन पकडीला कसा जाऊ? हात धरून पकडीला उभ्या असलेल्या आपल्याच साखळीतल्या कुणाच्या तोंडावर आपटली तर? आणि नुसती कापडी स्लीव्ह घातली तर गुडघा वळायचा थांबतो का? मला परत मैदानात उतरायचंय हो, पण दुसऱ्यांदा ते ऑपरेशनचं टेबल नको.

प्रतिसाद:
दादा, मी खो-खो खेळायचे, माझंही हेच ऑपरेशन झालंय. स्लीव्हने गुडघा उबदार राहतो, थोडा धीर येतो, पण वळणं थांबत नाही. बिजागरीवालाही पुन्हा फाटणार नाही अशी हमी देत नाही. एकेका पायावर उडी मारायला लावून कुठला पाय किती लांब जातो ते फिजिओ मोजतात, ते केलंत का? ऑपरेशनवाला पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के तरी हवा, मांडीची ताकदही तशीच. माझा पाय दहाव्या महिन्यात तिथवर आला नव्हता, मी आणखी ३ महिने थांबले. ब्रेस घसरतोय तर मांडीचा घेर पुन्हा मोजा. ऑपरेशननंतर मांडी बारीक होते, व्यायामाने भरते, तेव्हाचं माप आता बसत नसेल. गडावर आत पातळ लेगिंग घाला आणि उताराला दोन काठ्या घ्या.

धागाकर्ता:
ताई, उडीची चाचणी माझी झालीच नाही. शनिवारी करून घेतो आणि आकडे इथेच लिहितो. तोवर पकडीला जात नाही.