मंडळीच्या बोधचिन्हातल्या लाटा काढून समई घालायची का?

झुआरीकाठची
आमच्या वास्कोतल्या लहानशा बाप्टिस्ट मंडळीचं, म्हणजे चर्चचं, बोधचिन्ह बदलायचं घाटतंय. सध्या त्यात उघडं पवित्र शास्त्र, त्यावर रिकामा क्रूस, पायथ्याशी पाण्याच्या लाटा आणि वरून उतरणारं कबुतर आहे. आता काहीजण म्हणतात, लाटा काढा आणि तिथे समई घाला, म्हणजे चिन्ह आपल्या मातीतलं दिसेल.

माझा विरोध आहे. क्रूस सगळ्या ख्रिस्ती लोकांचा, शास्त्रही सगळ्यांचं. कबुतर म्हणजे यार्देन नदीत येशूवर उतरलेला आत्मा, तोही सगळ्यांचाच. मग बाप्टिस्ट म्हणून आपली खूण कोणती? ते पाणी. तान्ह्या बाळाच्या कपाळावरचं नव्हे. कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून माणूस ज्यात उतरतो ते. पौल रोमकरांना लिहितो तसं, ख्रिस्ताबरोबर पुरलं जायचं आणि नव्या जीवनात उठायचं.

माझ्या आईने साठी उलटल्यावर बायण्याच्या किनाऱ्यावर बाप्तिस्मा घेतला. पाळकांचा एक हात तिच्या पाठीखाली, दुसरा तिच्या जोडलेल्या हातांवर. वर आली तेव्हा ओला पदर गळ्याशी चिकटलेला, डोळ्यांत खारं पाणी, अंग थरथरतंय. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. स्वतःच्या पायांनी वाळूवर आली. त्या लाटा पुसायच्या?

डिचोलीकर
ताई, मीही याच मंडळीतला, आणि समईचा आग्रह धरणाऱ्यांतला एक. समई परकी कशी? पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात योहानाला सोन्याच्या सात समया दिसतात, आणि त्या म्हणजे सात मंडळ्या, असा अर्थ तिथेच दिलाय. मंडळीची खूण म्हणून याहून नेमकं काय शोधणार? इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट पाद्री फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. शब्द आपले चालले, मग दिवा का चालू नये?

आणि पाण्याचं म्हणाल तर, १६०९ साली आम्स्टरडॅमला पहिल्या बाप्टिस्टांचे पुढारी जॉन स्मिथ आणि त्यांच्या सोबत्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पाणी ओतून. बाप्टिस्टांत बुडवून घ्यायची रीत इंग्लंडमध्ये १६४० च्या सुमारास आली. लाटांनाच बाप्टिस्टांचा प्राण म्हणणं मला पटत नाही.

बार्देशकर
मी कॅथलिक. मला खटकतो तो रिकामा क्रूस. पणजीतल्या फोंतेन्यांशच्या सां सेबास्तियांव कपेलात जो क्रूसावरचा ख्रिस्त आहे, त्याचे डोळे उघडे आहेत आणि मान खाली पडलेली नाही. पूर्वी तो इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्याच्यासमोर दोन मिनिटं उभं राहिलं की आपल्यासाठी कुणी काय सोसलं ते पोटात उतरतं. तुमच्या चिन्हात येशू कुठे आहे?

झुआरीकाठची
@बार्देशकर, तो उठला, म्हणून क्रूस रिकामा. कबरही रिकामीच होती. सोसणं आम्ही विसरत नाही. प्रभुभोजनात भाकर मोडतो ती त्याच्याच आठवणीसाठी.

@डिचोलीकर, १६०९ चं तुम्ही म्हणता ते खरं, मान्य करते. पण त्या लोकांनी इंग्लंड सोडलं ते पाणी किती घ्यायचं यासाठी नव्हे. विश्वास ज्याचा त्याने कबूल करायचा, राजाने किंवा आईबापांनी त्याच्या वतीने नाही, एवढ्यासाठी त्यांनी सोसलं. लाटा ती गोष्ट सांगतात. आणि प्रकटीकरण वाचताय तर पुढचा अध्यायही वाचा. पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई जागेवरून काढून टाकीन, अशी ताकीद इफिसच्या मंडळीला आहे. ती समई प्रभूच्या हातातली. शोभेसाठी आपण उचलून ठेवायची नव्हे.

फोंडेकर
मी हिंदू, पण राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे तिन्हीसांजेला देव्हाऱ्यापुढे समई लागते, आई वात सारखी करून मगच दिवा लावते. सरकारी कार्यक्रमात पाद्री समई पेटवतात, त्याचं मला काही वाटत नाही, ती सगळ्यांची. पण मंडळीच्या पाटीवर समई दिसली तर गावातली म्हातारी माणसं विचारतील, आमचं रूप घेऊन हे कुणाला बोलावतायत? १५६० ते १८१२ इथे इन्क्विझिशन होतं. त्याच्याशी बाप्टिस्टांचा संबंध नाही हे मला कळतं, त्यांना कोण समजावणार? लाटांवर कुणी बोट ठेवणार नाही.

डिचोलीकर
@फोंडेकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण माझ्याही घरात समई आहे, आजीपासूनची. मी ख्रिस्ती झालो म्हणून ती परक्याची झाली का? कुणाला भुलवायला ती मला नकोय. मी इथलाच आहे, एवढंच तिने सांगावं.

ताई, रविवारी उपासनेनंतर मत घेणार आहेत. मी समईसाठीच हात वर करणार. पण त्याआधी तुमच्या आईने बायण्याचं दोन शब्दांत सांगावं, असं मी पाळकांना सुचवतो.

झुआरीकाठची
विचारलं तिला. येते म्हणाली. मराठीतच बोलेल, बाकीच्यांसाठी कुणीतरी इंग्रजीत सांगा.