मदत हवी आहे: आजीच्या ओव्यांची कॅसेट वाचवायची आहे

मंडळी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामाने १९८९ साली टेप करून ठेवल्या होत्या. गावात तेव्हा गिरणी आलेली, पण जातं फिरल्याशिवाय ओवी सुचत नाही म्हणून आजीने मुद्दाम मूठभर जोंधळे दळायला घेतले. ती गेल्यावर आई झोप येत नसली की हीच कॅसेट लावायची. आता आईही नाही.

परवा लावली, तर आवाज दबका आला आणि टेप प्लेअरमध्ये गुंतली. पेन्सिलीने हळूच गुंडाळून घेतली. रिळावर पांढरी बुरशी दिसतेय आणि टेपला हेडवर (प्लेअरच्या आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारा फेल्टचा बारका तुकडाही निखळलाय. कॅसेट ९० मिनिटांची, म्हणजे ६० वालीपेक्षा टेप पातळ. हात लावायलाच भीती वाटते.

रिळं काढून स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटमध्ये बसवणं घरी जमतं का? बुरशी कशाने पुसायची? पुणे-सातारा भागात हे काम जपून करणारं, वॅव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी) फाइल काढून देणारं कुणी आहे का? फक्त, आवाज ‘साफ’ करायच्या नादात जात्याची घरघर काढून टाकणारा नको.